मालकाने पगार कापलाय, काय करू? – आधी नेमकं किती कापलं ते काढा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की तुम्ही दहा चाकी ट्रक चालवता, चाकण ते बंगळूर लाईन, आधी महिन्याला १६,००० पगार आणि फेरीला ४,००० भत्ता होता, महिन्यात ५ फेऱ्या व्हायच्या. आता माल नाही म्हणून ३ फेऱ्या होतायत, मालकाने पगार १२,००० केला, भत्ता ३,००० केला आणि वर सांगितलं की वारई (माल उतरवायची हमाली) आणि पंक्चर आता भत्त्यातूनच भागवायचं. तुम्ही विचारताय की ४,००० ची कपात सहन करून थांबू, का सोडून दुसरीकडे जाऊ, का कर्ज काढून स्वतःची गाडी घेऊ.

मी १९९८ ला क्लिनर म्हणून गाडीवर चढलो, २००२ ला हेवी लायसन्स निघालं, १४ वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या आणि आता स्वतःच्या ४ गाड्या आहेत, म्हणजे पगार कापून घेणारा पण मीच होतो आणि २०२० मध्ये ड्रायव्हरसमोर बसून पगार कमी करतो म्हणून सांगणारा पण मीच होतो. त्यामुळे दोन्ही बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची कपात ४,००० ची नाहीये. कागद घ्या आणि माझ्यासोबत हिशोब करा. आधी एक फेरी ५ दिवसांत व्हायची, जेवण-चहा-अंघोळ मिळून दिवसाला ३०० धरले तर १,५०० खर्च, भत्त्यातले २,५०० शिल्लक. ५ फेऱ्यांचे १२,५०० आणि पगार १६,०००, म्हणजे घरी जात होते २८,५००. आता मंदीत काय होतं, फेऱ्या कमी होतात हे सगळ्यांना दिसतं पण एकेक फेरी लांबते ते कुणी मोजत नाही. तिकडे रिटर्न भाड्यासाठी दोन-दोन तीन-तीन दिवस गाडी उभी राहते. तुम्हीच लिहिलंय की बंगळूरजवळ नेलमंगलाला ३ दिवस पडून होतो. म्हणजे फेरी आता ८ दिवसांची झाली, जेवणाचेच २,४०० गेले, वारई-पंक्चरचे सरासरी ६०० धरा, झाले ३,०००. भत्ता संपला. शिल्लक शून्य. घरी जाणार फक्त पगाराचे १२,०००.

२८,५०० चे १२,००० झाले भाऊ. १६,५०० गेले. त्यात पगाराचे ४,०००, दोन फेऱ्या बुडाल्या त्याचे ५,०००, भत्ता कमी केला त्याचे ३,०००, वारई-पंक्चर तुमच्या गळ्यात टाकलं त्याचे १,८०० आणि गाडी उभी राहिल्यामुळे जास्तीच्या जेवणाचे २,७००. तुम्ही भांडताय त्या ४,००० साठी, आणि बाकीचे साडेबारा हजार बोलण्यातच येत नाहीयेत. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, गाडीत स्टोव्ह ठेवून स्वतः करून खात असाल तर खर्च कमी असेल, पण हिशोबाची पद्धत हीच.

आता हे तुकडे वेगळे का केले ते सांगतो. मंदीत मालकाची अडचण कुठे असते, तर उभ्या गाडीत. गाडी फिरली नाही तरी हप्ता जातो, इन्शुरन्स जातो, आणि ड्रायव्हरचा पगार जातो. नवी दहा चाकी असेल आणि ३० लाखाचं कर्ज असेल तर ५ वर्षांसाठी साडेदहा टक्क्याने महिन्याला साडेचौसष्ट हजाराच्या आसपास हप्ता बसतो, गाडी चालू का बंद बँकेला देणंघेणं नाही. वरून भाड्याचे पैसे वेळेत येत नाहीत, पोहोच (माल मिळाल्याची सहीची पावती) दिल्यावर उरलेलं भाडं यायला महिना दीड महिना लागतो, कंपनीचं डायरेक्ट काम असेल तर ६० ते ९० दिवस, आणि डिझेल मात्र रोख. चाकण-बंगळूर जाऊन-येऊन १,७०० किलोमीटर धरा, ४ चं ॲव्हरेज, सव्वाचारशे लिटर, ९० ने ३८,००० च्या वर नुसतं डिझेल, टोल वेगळा. त्यामुळे फिक्स पगारात थोडे दिवस कमी कर म्हणणारा मालक खोटं बोलत असेलच असं नाही.

पण भत्ता आणि वारई-पंक्चर ही वेगळी गोष्ट आहे. फेरी झाली तरच भत्ता द्यावा लागतो, फेरी झाली म्हणजे भाडं आलं. वारई माल उतरवायच्या ठिकाणची, ती भाड्यातला खर्च. पंक्चर टायरचं, टायर मालकाचा. हे तीन खर्च तुमच्याकडे ढकलणं म्हणजे मंदीची झळ वाटून घेणं नाही, धंद्याचा खर्च नोकराच्या ताटातून काढणं आहे, आणि मी मालक असून हे सांगतोय. म्हणून माझं स्पष्ट मत, पगाराच्या कपातीवर मुदत घालून तडजोड करा, पण चालत्या गाडीचा कुठलाही खर्च अंगावर घेऊ नका. आणि भत्ता फेरीवर न घेता दिवसावर मागा.

हे दिवसावरचं नीट समजून घ्या, सगळ्या उत्तरात महत्त्वाचं हेच आहे. चांगल्या दिवसांत फेरीवर भत्ता ड्रायव्हरच्या फायद्याचा असतो, लवकर पळालात तर शिल्लक जास्त. मंदीत तेच उलटं होतं, कारण उशीर तुमच्या हातात नसतो, तो दलालाच्या फोनवर आणि कंपनीच्या गेटवर असतो. तुम्ही मालकाला म्हणा की दिवसाला ४०० द्या आणि वारई-पंक्चर पावतीप्रमाणे किंवा फोटोप्रमाणे द्या. ८ दिवसांचे ३,२०० झाले, म्हणजे आत्ता देतोय त्यापेक्षा २०० जास्त, आणि रिटर्न भाडं लवकर मिळून फेरी ६ दिवसांत झाली तर २,४०० च द्यायचेत, तिथे मालकाचे वाचले. मालक हे ऐकतो, कारण मग गाडी लवकर सोडवायची घाई त्यालाही लागते, तो दलालाला चार फोन जास्त करतो. २०२० च्या जूनपासून मी माझ्या गाड्यांना असंच केलं, अजून तेच चालू आहे.

बोलायचं कसं, तर गाडी भरून गेटवर उभी असताना चावी टाकून नाही. त्या वेळी मालक हो म्हणतो आणि मनात ठेवतो, फेरी संपली की दुसरा ड्रायव्हर बघतो. फेरी संपवून, हिशोब देऊन, गाडी धुऊन लावल्यावर बसा. वही समोर ठेवा. म्हणा, शेठ पगार १२ चा १४ करा, तीन महिन्यांसाठी, त्यानंतर परत बसू, मागचं जे बाकी आहे ते आधी क्लिअर करा, आणि क्लिनर काढलाय तर त्याच्या वाचलेल्या पगारातलं काहीतरी मला द्या कारण काच पुसण्यापासून रस्सी-ताडपत्रीपर्यंत सगळं आता मीच करतोय. क्लिनरचा मुद्दा बरेच ड्रायव्हर विसरतात, आणि तो सगळ्यात रास्त असतो. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत टाका, "शेठ आज ठरल्याप्रमाणे पगार इतका, भत्ता दिवसाला इतका, अमुक महिन्यापर्यंत". त्याने नुसता अंगठा टाकला तरी पुरे. पुढे बाकीसाठी कामगार आयुक्त कार्यालयात जायची वेळ आली तर हेच हातात राहतं, म्हणून पगार पण शक्यतो खात्यावर घ्या. एक खरं सांगतो, दोन-चार गाड्यांच्या मालकाविरुद्ध तक्रार करून पुढची कपात थांबलेली मी फारशी बघितली नाही, पण केलेल्या कामाचे अडकलेले पैसे तक्रारीने निघालेले बघितलेत.

वहीबद्दल. माझ्याकडे २०१९ ची वही अजून आहे, लाल पुठ्ठ्याची, डिझेलच्या डागांनी पानं चिकटलीत. तारीख, निघताना किलोमीटर, पोचल्यावर किलोमीटर, डिझेल किती लिटर, गेटवर किती वाजता लागलो, आत कधी घेतलं, खाली कधी झालो, वजनकाट्याची पावती नंबर, एवढंच. त्या वर्षी ऑटोमोबाईलचं काम पडलं होतं, चाकणच्या कंपन्या महिन्यातले काही दिवस प्रॉडक्शन बंद ठेवत होत्या. वरून आदल्या वर्षी जुलै २०१८ ला सरकारने ॲक्सल लोड वाढवला होता, दहा चाकीचं एकूण वजन २५ टनावरून २८.५ टन झालं, म्हणजे एकीकडे माल कमी आणि दुसरीकडे त्याच गाड्या जास्त उचलायला लागल्या, भाडं पडणारच होतं. तेव्हा एक ड्रायव्हर माझ्याकडे आला होता, त्याला वाटत होतं मालक फसवतोय. त्याच्या तीन महिन्यांच्या नोंदी मांडल्या तर दिसलं की एकाच कंपनीच्या गेटवर त्याचे महिन्याला ७ दिवस जात होते. त्याने तो कागद मालकाला दाखवला, मालकाने ट्रान्सपोर्टरकडे हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे पैसे, मागितले, सगळे नाही पण निम्मे मिळाले आणि त्यातला वाटा ड्रायव्हरला दिला. गेटवर लागल्याचा फोटो वेळेसकट काढून ठेवला तरच हे होतं, तोंडी कुणी देत नाही.

आता थांबायचं का सोडायचं. हे तुमच्या मालकावर अवलंबून आहे आणि मी त्यांना ओळखत नाही, पण ओळखायचं कसं ते सांगू शकतो. एक मालक असतो तो अडचणीत आहे पण टिकणार आहे, दुसरा बुडत चाललाय. बुडणारा मालक गाडीवरून कळतो. फास्टॅगमध्ये टोलवर पोचल्यावर पैसे टाकतो, तेही फोन केल्यावर. नवीन टायर बंद करून सगळे रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेले), आणि पुढच्या दोन चाकांना पण रिमोल्ड लावायला निघाला तर गाडी तिथेच उभी करा. सर्व्हिसिंग पुढे ढकलतो. ओळखीचा पंपवाला उधार बंद करतो. फायनान्सची माणसं फोन तुमच्या नंबरवर करायला लागतात, गाडी कुठंय विचारतात. यातल्या दोन-तीन गोष्टी दिसायला लागल्या तर पगार पूर्ण देतो म्हणाला तरी थांबू नका, आधी बाकी काढून घ्या, कारण एक दिवस गाडी रस्त्यात ओढून नेतील आणि तुम्ही पिशवी घेऊन हायवेवर उभे राहाल.

यात एक गोष्ट आजच करा. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका आणि इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसीच्या तारखा बघा. अडचणीतला मालक सगळ्यात आधी इन्शुरन्स चुकवतो, दहा चाकीचा नुसता थर्ड पार्टीच ४०,००० च्या वर जातो. इन्शुरन्स नसलेली गाडी चालवली तर गुन्हा चालवणाऱ्यावर पण लागतो, मालकावर एकट्यावर नाही, आणि काही झालं तर समोरच्याची भरपाई मागायला लोक तुमचंही नाव घालतात. १२,००० साठी एवढी जोखीम कुणीच घेऊ नये.

आणि तुमच्यावर उचल (मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. सोडायचं का थांबायचं हे खरं तर तिथेच ठरतं. ३०-४० हजार उचल अंगावर असली की मालक भत्ता कापो, काही करो, माणूस बोलू शकत नाही. सध्या नवीन उचल अजिबात घेऊ नका, लग्नकार्य असलं तरी. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण उचलीपेक्षा आणि सावकारापेक्षा कधीही बरं, आणि ते मोबाईलवरचे झटपट लोनवाले तर नकोच, माझ्या एका ड्रायव्हरच्या सगळ्या नातेवाइकांना त्यांनी फोन करून करून हैराण केलं होतं. घरी खरा आकडा सांगा. आपण गडी माणसं हे लपवतो, मग घरात खर्च जुन्याच हिशोबाने चालू राहतो आणि दोन महिन्यांनी एकदम कळतं.

कमी झालेले पैसे भरून काढायला ड्रायव्हर जे तीन मार्ग घेतो त्याबद्दल बोलायलाच पाहिजे. डिझेल विकणं, मी ते करणाऱ्याला गाडीवर ठेवत नाही आणि लाईनवर नाव एकदा गेलं की परत येत नाही. ओव्हरलोड, पकडलं तर २०,००० दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० वेगळे, मालक म्हणतो मी भरतो आणि हिशोबात तुमच्या नावावर टाकतो, शिवाय खंबाटकी उतरताना ब्रेक तुमच्या पायाखाली असतो, त्याच्या नाही. आणि तिसरा मार्ग न झोपता पळवणं.

हे तिसरं मी केलंय. २००८ च्या मंदीनंतर २००९ च्या सुरुवातीला भाडी पडली होती, मालकाने भत्ता कापला, मी ठरवलं की महिन्यात एक फेरी जास्त मारायची. बंगळूरहून संध्याकाळी भरून निघालो, आदल्या रात्रीची पण झोप नव्हती. चित्रदुर्गला चहा, दावणगेरेला चहा, तंबाखू, तोंडावर पाणी. हरिहर सोडून राणेबेन्नूरच्या अलीकडे पहाटे साडेचारच्या सुमारास रस्त्याकडेला एक ट्रेलर उभा होता, मागे लाईट नाही, फक्त एक झाडाची फांदी टाकलेली. मला ती फांदी दिसली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो, डोळे उघडे होते पण पाय हलला नाही. शेवटच्या क्षणी उजवीकडे ओढलं, माझी बाजू वाचली, क्लिनरची बाजू पूर्ण आत गेली. १९ वर्षांचा पोरगा, आमच्याच गावचा. पाय वाचला पण आजही वाकत नाही. त्या जास्तीच्या फेरीतून मला सुटणार होते ९०० रुपये. रात्री १२ ते ५ गाडी उभी करायची हा नियम मी तेव्हापासून पाळतो आणि माझ्या ड्रायव्हरांना पण तोच आहे, माल उशिरा पोचला तर मी बोलून घेतो.

दुसरीकडे जायचं म्हणता तर कुठे, ते मंदी कशाची आहे त्यावर आहे. स्टील, सिमेंट, ऑटो पार्ट हे आधी पडतं आणि उशिरा उठतं. दूध, भाजी, किराणा, औषधं हे थांबत नाही, लोक खायचं थांबत नाहीत. भिवंडीच्या गोडाऊनवरून कुरिअर आणि ऑनलाईनच्या मालाचे कंटेनर निघतात, तिथे वेळेचा काच असतो पण फेऱ्या ठरलेल्या असतात. पेट्रोल-डिझेल-गॅसचे टँकर, म्हणजे लोणी काळभोर, मनमाडजवळ पानेवाडी, सांगली जिल्ह्यात हजारवाडी असल्या डेपोवर लागणारे, तिथे घातक मालाचं ट्रेनिंग करून लायसन्सवर नोंद लागते. हे ट्रेनिंग मंदीत गाडी उभी असते तेव्हाच करून घ्या, तीन दिवसांचं असतं, नोंद एकदा लागली की तुमच्यासारखा पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूस लगेच घेतात. जमलं तर बसचा बॅज पण काढून ठेवा, कंपनीच्या बसेस, शाळेच्या बसेस, पगार फार नसतो पण रोज घरी झोपायला मिळतं. जुनं काम सोडायच्या आधी नवीन मालकाकडे एक फेरी बदली म्हणून मारून बघा, फोनवरचा पगार आणि हातात पडणारा पगार यात फरक असतो.

स्वतःच्या गाडीबद्दल माझं उत्तर सरळ आहे, आत्ता नको. तुम्ही लिहिलंय की हप्ते थकले म्हणून फायनान्सने ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त मिळतायत. स्वस्त मिळतायत कारण तुमच्याआधीच्या माणसाला त्या गाडीवर हप्ता निघाला नाही, आणि तो पण लाईनचाच माणूस होता. त्याला जे भाडं मिळत होतं तेच तुम्हाला मिळणार. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, तेव्हा मी एका गाडीची घेतली, पण व्याज चालूच राहिलं आणि शेवटी हप्ते वाढले. फक्त एका परिस्थितीत घ्या, महिन्याला ठराविक किलोमीटरचं काम कुणीतरी लेखी देतंय, डाउन पेमेंट घरचं आहे, आणि त्याशिवाय तीन हप्त्यांचे पैसे वेगळे बाजूला आहेत. तिन्ही असेल तर माझ्याशी बोला, गाडी बघायला मी स्वतः येतो. जुनी गाडी असेल तर आधीचे चलान, टॅक्स, फायनान्सची एनओसी हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि ८ वर्षांच्या पुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं तो खर्च धरा.

दोन छोटी कामं राहिली. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का बघा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख, बऱ्याच जणांच्या खात्यात बॅलन्स नसल्यामुळे तो बंद पडलेला असतो आणि घरच्यांना माहिती पण नसतं. आणि लायसन्सची तारीख बघा, ट्रान्सपोर्टचं आता ५ वर्षांचं असतं, संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यायला लागते, काम शोधत असताना ती वेळ नको.

तर आता असं करा, मागच्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांच्या तारखा आठवतील तशा लिहून काढा, एलआरच्या (मालाच्या पावतीच्या) कॉप्या नाहीतर गुगल मॅपची टाइमलाईन बघितली तरी बरंच सापडतं, कुठे किती दिवस उभे होता तेवढं बघा. ते आणि उचल किती बाकी आहे हे दोन आकडे इथेच टाका. मी आज रात्री गाडी खाली करायला कळंबोलीला आहे, उद्या दुपारनंतर बघतो आणि मालकाला काय बोलायचं ते आपण वाक्यानिशी लिहून काढू.